पदवी एकच, शिक्षण वेगवेगळे: समाजकार्य शिकू पाहणाऱ्यांचे प्रश्न

पदवी परीक्षा संपत आल्या की या सदराकडे एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे निवडली आहेत. मी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका समाजकार्य महाविद्यालयात सव्वीस वर्षे शिकवले आणि त्यातला बराच काळ क्षेत्रकार्याची, म्हणजे प्रत्यक्ष कामातून होणाऱ्या शिक्षणाची, मार्गदर्शक म्हणून विद्यार्थ्यांसोबत वस्त्यांत, रुग्णालयांत आणि बालगृहांत घालवला. पुढची उत्तरे त्या अनुभवावर उभी आहेत.

प्रश्न: मी परांडा तालुक्यातील असून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावातील निम्मी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्यामुळेच शाळेतून सुटल्या. मला समाजकार्य शिकायचे आहे. टाटा संस्थेत प्रवेश मिळाला नाही तर विद्यापीठाच्या साध्या महाविद्यालयात शिकण्यात अर्थ आहे का, असे सगळे विचारतात. मी काय करावे? (एक विद्यार्थिनी, जि. धाराशिव)

उत्तर: तुमच्या प्रश्नातला ‘साध्या’ हा शब्द प्रथम बाजूला ठेवू या. भारतातील समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९२६ पासून नागपाड्याच्या कामगार वस्तीत जे सेवाकेंद्र चालवले होते, त्याच अनुभवातून सर दोराबजी टाटा यांच्या नावाची ही शाळा उभी राहिली आणि पुढे तीच टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पण महाराष्ट्रात हे शिक्षण तिथेच थांबले नाही. १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, १९५८ मध्ये नागपुरात मातृसेवा संघाची संस्था, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था अशी महाविद्यालये सुरू झाली, ती त्या त्या विद्यापीठांशी जोडली गेली आणि नंतर मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथल्या तालुक्यांपर्यंत समाजकार्याची महाविद्यालये पोहोचली. आज महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांपैकी मोठा वर्ग अशा संलग्न महाविद्यालयांतून शिकून आलेला आहे. मी ज्यांच्याकडून खूप शिकले असे कितीतरी सहकारी त्यांच्यातलेच होते.

टाटा संस्थेसाठी अर्ज अवश्य करा. प्रवेश अखिल भारतीय पातळीवरच्या सामायिक परीक्षेतून होतो, आणि १९८६ पासून चालणारे तुळजापूरचे केंद्र तुमच्याच जिल्ह्यात असून त्याचा भर ग्रामीण प्रश्नांवर आहे. परंतु तिथे जागा मिळाली नाही म्हणून वर्ष वाया घालवण्याचे कारण मला दिसत नाही. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठातील वर्गाचे एक बळ असते, ज्याची चर्चा क्वचितच होते. त्या वर्गात ऊसतोड कामगाराची मुलगी असते, आश्रमशाळेत शिकलेला मुलगा असतो, शहरातल्या झोपडपट्टीत वाढलेला आणि रात्री पेट्रोल पंपावर काम करून सकाळी वर्गात येणारा असतो. ज्या प्रश्नांविषयी पुस्तकात प्रकरणे असतात, ते प्रश्न जगलेली माणसे शेजारच्या बाकावर बसलेली असतात. शिक्षकाला हे ओळखता आले, तर वर्गातल्या चर्चेला वेगळीच खोली येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विद्यापीठाचा अभ्यासक्रम सर्व संलग्न महाविद्यालयांना एकच असतो, प्रश्नपत्रिका एकच असते आणि पदवीच्या कागदावर विद्यापीठाचेच नाव असते. पण समाजकार्याच्या शिक्षणाचा गाभा असलेले क्षेत्रकार्य प्रत्येक महाविद्यालय आपापल्या कुवतीप्रमाणे चालवते. आठवड्यातले साधारण २ दिवस, म्हणजे सुमारे १५ तास, विद्यार्थी एखाद्या संस्थेत, वस्तीत, रुग्णालयात किंवा शाळेत काम करतो, प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहितो आणि मार्गदर्शक शिक्षकासमोर बसून त्या अहवालावर बोलतो. ग्रामीण शिबिर आणि शेवटी सुमारे महिनाभराची सलग नेमणूक हेही त्याचेच भाग आहेत. व्यक्तिसहाय्य (एकेका व्यक्तीला तिच्या अडचणीत मदत करणे), गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती पुस्तकातून पाठ करता येतात, पण हातात येतात त्या इथेच. त्यामुळे एकच पदवी घेतलेल्या दोन विद्यार्थ्यांनी प्रत्यक्षात अगदी वेगळे शिक्षण घेतलेले असू शकते, आणि गुणपत्रिकेवरून हा फरक कळत नाही.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात एक दिवस स्वतः जा आणि प्राचार्यांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी आहेत, हे विचारा. आठ-दहा असतील तर तो प्रत्येकाचा अहवाल वाचू शकतो. पंचवीस असतील तर त्याची कितीही इच्छा असली तरी ते शक्य होत नाही. दर आठवड्याची वैयक्तिक बैठक, जिला विद्यार्थी ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात, खरोखर होते की परीक्षेच्या आधी एकदम सह्या होतात, हे विचारा. मार्गदर्शक वर्षातून किती वेळा संस्थेत येऊन पाहतात, हेही विचारा. शिक्षकांची किती पदे भरलेली आहेत आणि किती तासिका तत्त्वावर चालली आहेत, याचीही चौकशी करायला संकोच करू नका, कारण तासावर मानधन मिळणाऱ्या शिक्षकाकडून वस्तीत येण्याची अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्यायाचे असते. इमारत, संगणक कक्ष आणि माहितीपत्रकातील छायाचित्रे यांना मी या प्रश्नांच्या मानाने फारसे महत्त्व देणार नाही.

खर्चाविषयी तुम्ही लिहिले नाही, पण तो विषय मनात असेलच. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळते आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तुम्ही कोणत्या प्रवर्गात येता त्यानुसार उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आताच काढून ठेवा. प्रवेशाच्या गर्दीत तहसील कार्यालयाच्या खेपा घालताना अनेकांची पहिल्या महिन्यातली क्षेत्रकार्याची सुरुवात हुकलेली मी पाहिली आहे.

प्रश्न: माझा मुलगा अभियांत्रिकी सोडून एम.एस.डब्ल्यू. करायचे म्हणतो. समाजसेवा चांगलीच आहे, परंतु ती पोट भरल्यावर करायची गोष्ट आहे, असे मला वाटते. या पदवीवर पोट भरते का, ते कृपया स्पष्ट सांगावे. (एक पालक, सातारा)

उत्तर: आपला प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचे उत्तर गोड करून देणार नाही. पण त्याआधी एक फरक सांगते. समाजसेवा ही कोणीही, केव्हाही, मनापासून करावी अशी गोष्ट आहे. समाजकार्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे, आणि तो करणाऱ्याला वेतन मिळणे हा त्याचा हक्क आहे. परिचारिकेने रुग्णाची सेवा केली म्हणून तिने पगार घेऊ नये, असे आपण म्हणत नाही.

कामाच्या जागा कायद्यांनीच निर्माण केल्या आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तेव्हापासून समाजकार्याचे पदवीधर उद्योगांत जाऊ लागले. १९५८ च्या परिविक्षा कायद्याने परिविक्षा अधिकारी, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलेल्या गुन्हेगारावर देखरेख करणारा अधिकारी, आणला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी आणला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आधार दिला, आणि त्याच कायद्यानुसार बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात, ज्यांतील किमान एक महिला असते. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतो. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तिथे ज्याच्या टेबलापाशी नातेवाईक रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन उभे असतात, तो बहुधा आमचाच विद्यार्थी असतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि तिथेही मागणी निर्माण झाली आहे.

आता अवघड बाजू. कायम पदांची भरती वर्षानुवर्षे रखडते आणि सरकारी योजनांतील बहुतेक पदे कंत्राटी असतात. ११ महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार, अशा रीतीने दहा-दहा वर्षे काम केलेली माणसे मला ठाऊक आहेत. स्वयंसेवी संस्थेत प्रकल्पाचा निधी संपला की नोकरीही संपते. वकील किंवा डॉक्टर यांच्याप्रमाणे समाजकार्यकर्त्यांची स्वतंत्र वैधानिक परिषद देशात नाही, त्यामुळे समाजकार्य न शिकलेल्या माणसालाही तेच पद दिले जाते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायी आयोगाच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत स्थान दिले, ही मला आशेची गोष्ट वाटते. पण इतर क्षेत्रांत काम करणाऱ्यांचा प्रश्न तसाच आहे. या विषयावर आमच्या पिढीने पुरेसा आवाज उठवला नाही, असे मी मनापासून मानते.

मुलाला एकच सुचवा. प्रवेशापूर्वी त्याने दोन महिने एखाद्या संस्थेत रोज जाऊन काम करावे, शक्य तर पावसाळ्यात आणि शक्य तर तालुक्याच्या ठिकाणी. त्यानंतरही तो ठाम राहिला तर त्याला अडवू नका. अभियांत्रिकीत घालवलेली वर्षेही वाया जात नाहीत. माहिती गोळा करणे, नकाशे, हिशेब यांची जाण असलेले कार्यकर्ते संस्थांना हवेच असतात.

प्रश्न: मी पुण्यात एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझे क्षेत्रकार्य एका समुपदेशन केंद्रात आहे. नवऱ्याच्या मारहाणीमुळे दोन मुलांना घेऊन आलेल्या एका ताईंसोबत मी तीन आठवडे काम केले. निवारागृह शोधले, कागदपत्रे जमवली, त्यांना स्वतःचा मोबाइल क्रमांक दिला, एकदा पाचशे रुपयेही दिले. मागच्या गुरुवारी त्या नवऱ्याच्या घरी परत गेल्या. माझे सगळे काम फुकट गेले असे वाटते. मला हे जमणार नाही का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही त्या ताईंसाठी काय काय केले, ते त्यात क्रमाने आहे. त्या काय म्हणाल्या, याची एकही ओळ त्यात नाही.

हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी विद्यार्थिनी असताना मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या क्षयरोग विभागात माझे क्षेत्रकार्य होते. कोकणातून आलेला एक मध्यमवयीन रुग्ण होता. त्याच्यासाठी मी लांबच्या एका आरोग्यधामात खाट मिळवली, औषधांची सोय केली, प्रवासाचे पैसे उभे केले, आणि ज्या सकाळी त्याला न्यायचे होते त्याच सकाळी तो कोणालाही न सांगता गावी निघून गेला. मी रडत अहवाल लिहिला. माझ्या मार्गदर्शक बाईंनी तो वाचून शांतपणे विचारले, “तू काय बोललीस ते चार पाने आहे. तो काय बोलला ते कुठे आहे?” मी शोधले तेव्हा दोन ओळी सापडल्या. त्यातल्या एका ओळीत त्याने विचारले होते की पेरणीपर्यंत घरी जाता येईल का, आणि मी उत्तर दिले होते की आधी प्रकृती महत्त्वाची. भाताची लावणी चुकली तर वर्षभर घरात दाणा नसतो, हे मला माहीत होते. तरीही त्याच्या तोंडून आलेला तो प्रश्न मी ऐकला नव्हता.

आपल्या भाषेत ‘ऐकणे’ आणि ‘ऐकून घेणे’ असे दोन शब्दप्रयोग आहेत. व्यक्तिसहाय्याची सगळी पद्धत या दुसऱ्या शब्दप्रयोगात आहे, असे मी वर्गात सांगत असे. सेवार्थीचा, म्हणजे मदतीसाठी आलेल्या व्यक्तीचा, स्वयंनिर्णय हे तत्त्व परीक्षेत सगळे बरोबर लिहितात, पण त्याची खरी कसोटी सेवार्थी आपल्याला न पटणारा निर्णय घेतो तेव्हाच लागते. त्या ताई परत का गेल्या असतील? मुलांची वार्षिक परीक्षा, माहेरी वहिनीचा अबोला, निवारागृहात मोठ्या मुलाला सोबत न ठेवता येणे, नवऱ्याने दिलेला शब्द, की तुमच्या योजनेची गती त्यांना न झेपणे? तुम्हाला हे ठाऊक नसेल, तर पुढच्या बैठकीत मार्गदर्शकांशी याच मुद्द्यावर बोला. त्यांच्या परत जाण्यात शहाणपणही असू शकते. मारहाण करणाऱ्या माणसापासून सर्वांत मोठा धोका अनेकदा बाई घर सोडते त्या काळात असतो, आणि बाईला त्या माणसाचा स्वभाव तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतो.

शिवाय परत जाणे म्हणजे प्रकरण संपणे नव्हे. २००५ चा कायदा बाईला घर सोडायला लावत नाही. कलम १७ नुसार तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि त्याच घरात राहून ती कलम १८ खाली संरक्षण आदेश मागू शकते. संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल नोंदवला गेला असेल तर उद्या ती पुन्हा आली तेव्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आता तुमच्या केंद्राच्या समुपदेशकांच्या संमतीने आणि त्यांच्यासोबत तुम्ही एवढे करू शकता: त्या पुन्हा येतील तेव्हा कोणी ‘मग गेलात कशाला?’ असे विचारणार नाही, हे त्यांना कळेल असे वागणे. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि बँकेचे पुस्तक यांच्या प्रती घराबाहेर कोणा विश्वासू माणसाकडे ठेवायला सुचवणे. आवाज वाढला तर मुलांनी कोणत्या शेजारणीकडे पळायचे हे ठरवणे. आणि १८१ (महिलांसाठीची मदतसेवा) व ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक त्यांच्या तोंडपाठ आहेत ना हे पाहणे.

मोबाइल क्रमांकाविषयी आणि पाचशे रुपयांविषयी मात्र मला कठोर व्हावे लागेल. नवरा फोन तपासत असेल तर तुमच्या नावाने साठवलेला क्रमांक त्या बाईसाठी धोक्याचा आहे. तिने केंद्राच्या क्रमांकावरच संपर्क साधावा, म्हणजे तुम्ही नसलात तरी दुसरे कोणी फोन उचलेल. पैशाने नाते बदलते. त्या ताईंना परत जायचे होते हे तुम्हाला आधी न सांगण्याचे एक कारण ते पाचशे रुपये असू शकतात. ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांना नाराज करणारी गोष्ट सांगणे कोणालाही जड जाते. गरज खरी असेल तेव्हा संस्थेच्या आकस्मिक निधीतून पावती घेऊन मदत करावी, आणि असा निधी नसेल तर तो उभा करण्याचा विषय बैठकीत मांडावा.

तुम्हाला हे जमेल का, असे तुम्ही विचारले आहे. घडलेले जसेच्या तसे, स्वतःच्या चुकांसह लिहून पाठवण्याचे धैर्य ज्या विद्यार्थ्यांत होते, ते सगळे माझ्या पाहण्यात पुढे चांगले कार्यकर्ते झाले. या आठवड्याचा अहवाल पुन्हा लिहा. पान मधोमध दुमडून डावीकडे त्या ताईंचे शब्द आणि उजवीकडे तुमचे शब्द लिहा. कोणती बाजू रिकामी राहते, ते मार्गदर्शकांना दाखवा.

एक माहिती जाता जाता. मुंबई पोलिसांच्या आयुक्तालयात १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी जो सहाय्य कक्ष सुरू झाला, तो टाटा संस्थेच्या प्रत्यक्ष कार्यप्रकल्पातूनच. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने तो महाराष्ट्रभर नेला. १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवाही १९९६ मध्ये तशाच एका प्रकल्पातून मुंबईत सुरू झाली. तुम्ही ज्या खोलीत बसून त्या ताईंशी बोललात, तशा खोल्या पोलीस यंत्रणेच्या आत असाव्यात हे कोणीतरी क्षेत्रात काम करताना ओळखले होते.

प्रश्न: मी महाराष्ट्रातील विद्यापीठातून एम.एस.डब्ल्यू. केले असून लग्नानंतर अमेरिकेत न्यू जर्सीत आले आहे. माझ्या पदवीवर इथे काम मिळेल का? (एक वाचक)

उत्तर: तिथे बऱ्याच कामांसाठी राज्याचा परवाना लागतो आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. सर्वसाधारण पहिली पायरी म्हणजे समाजकार्य शिक्षणाच्या तेथील राष्ट्रीय परिषदेकडून आपल्या पदवीचे समकक्षता मूल्यांकन करून घेणे. तिथल्या मान्यताप्राप्त एम.एस.डब्ल्यू.मध्ये क्षेत्रकार्याचे किमान ९०० तास असतात, म्हणून आपल्या महाविद्यालयाकडून दोन्ही वर्षांच्या क्षेत्रकार्याचे तास, संस्थांची नावे आणि मार्गदर्शकांची पात्रता लिहिलेले पत्र विद्यापीठाच्या गुणपत्रिकेसोबत मागवून घ्या. आपल्याकडे हे तास भरतात, पण ते कागदावर नीट नोंदवलेले नसतात, आणि अडचण तिथेच येते. जे विद्यार्थी अजून शिकत आहेत त्यांनीही क्षेत्रकार्याची नोंदवही पदवीनंतर रद्दीत घालू नये.

प्रश्न: मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यातील कोरकू आदिवासी आहे आणि अमरावतीत एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षात शिकते. पुस्तके इंग्रजीत आहेत, शिक्षक मराठीत शिकवतात आणि माझे क्षेत्रकार्य माझ्याच भागातल्या गावांत आहे. माझ्या अहवालावर मराठीच्या चुकांच्या लाल खुणाच जास्त असतात. गावात गेले की लोक म्हणतात, तू आता सरकारची माणूस झालीस. दोन्हीकडे मी परकी होते आहे. (एक विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर: बाळ, तुझे पत्र स्वच्छ मराठीत आहे, म्हणून लाल खुणांची गोष्ट आधी संपवू या. अहवाल तपासताना शुद्धलेखन पाहावे, पण त्यातला माणूस न पाहता फक्त शुद्धलेखन पाहिले जात असेल तर ते मार्गदर्शन नव्हे. हे तू मार्गदर्शकांना आदराने सांगू शकतेस: “मॅडम, भाषेच्या चुका मी शेवटी एकत्र सुधारीन, मला आधी प्रसंगाविषयी बोलायचे आहे.” असे बोलणाऱ्या विद्यार्थिनीचा मला कधी राग आला नाही, उलट मी माझी चूक सुधारली.

कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा आहे, आणि तुझ्या महाविद्यालयातल्या बहुतेकांना ती येत नसणार. मेळघाटात कुपोषणाविषयी गेली कित्येक वर्षे बाहेरून पथके येतात, वजनाचे तक्ते भरतात आणि परत जातात. आजारी बाळाला आई आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, का नेते, पोटावर डम्मा, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा चटका, का दिला जातो, रुग्णालयात दाखल व्हायला घरातले का नकार देतात, या प्रश्नांची उत्तरे दुभाष्यामार्फत अर्धीच मिळतात. तुला ती पूर्ण मिळू शकतात. एखादी आजी जे कोरकूत म्हणते, त्याचा मराठीत अर्थ लावताना काय गळते, हे तुझ्याइतके त्या वर्गात कोणालाच कळणार नाही.

लोक तुला सरकारची माणूस म्हणतात, त्यामागे त्यांचा अनुभव आहे. वही घेऊन येणारा प्रत्येक माणूस काहीतरी लिहून नेतो आणि परत काही सांगत नाही. म्हणून तू जे लिहितेस ते त्यांना वाचून दाखव. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि पेसा, म्हणजे आदिवासी क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, १९९६ चा. दोन्हींतल्या ग्रामसभेच्या अधिकारांविषयी मराठीत माहिती मिळते, पण कोरकूत समजावून सांगणारे फार थोडे असतात. एखाद्या संध्याकाळी पाच-सहा बायांसमोर सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा अर्ज कोरकूत समजावून सांगितलास, तर तू कोणाची माणूस आहेस हा प्रश्न त्या स्वतःच पुन्हा तपासतील. तुझ्या ओळखीच्या, नात्यातल्या घरांचे प्रश्न मात्र हाती घेऊ नकोस. ते दुसऱ्या विद्यार्थ्याकडे दे, कारण गावात गोपनीयता राखणे आपल्याच माणसांच्या बाबतीत सर्वांत कठीण जाते.

इंग्रजीचे ओझे टप्प्याटप्प्याने हलके होईल. रोज दोनच पाने वाच आणि प्रत्येक पारिभाषिक शब्दासमोर मराठी शब्द, आणि त्यासमोर कोरकूत तीच गोष्ट कशी सांगितली जाते ते लिही. ‘समानुभूती’ला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याचे दुःख समजून घेण्याला, तुमच्याकडे काय म्हणतात? शब्द नसेल तर कोणत्या प्रसंगी ती दिसते, तो प्रसंग लिही. आणि क्षेत्रकार्याच्या अहवालात लोकांची वाक्ये आधी देवनागरीत कोरकूतच लिही, खाली मराठी अर्थ दे. विद्यापीठाच्या नियमात अडचण असेल तर अंतिम प्रत मराठीत सादर कर, पण ती कोरकू वही स्वतःजवळ ठेव. दुसऱ्या वर्षी लघुशोधनिबंधाचा विषय निवडताना तीच तुझ्या उपयोगी पडेल, आणि मार्गदर्शक निश्चित झाल्यावर मला त्या वहीविषयी पुन्हा एकदा लिही.